घरच्या घरी गोल्फचा सराव : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

गोल्फ शिकू लागल्यावर पहिल्या वर्षी माझा बराचसा वेळ खेळण्यापेक्षा रेंज, म्हणजे चेंडू मारण्याच्या सरावाचे मैदान, गाठण्यातच गेला. मी कोथरूडला राहतो आणि मी जात असे ती ड्रायव्हिंग रेंज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. रविवारी पहाटे निघून शंभर चेंडू मारून परत येईपर्यंत जेवणाची वेळ होत असे आणि मग पुढचे सहा दिवस क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, हात लागत नसे. मुंबईकरांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाजवळ किंवा सिडकोने खारघरला उभारलेल्या गोल्फ कोर्सजवळ घर असेल तर गोष्ट निराळी, पण बोरिवलीच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाला आठवड्यातून एकदा तिथे पोहोचणेही जड जाते, आणि जून ते सप्टेंबर या काळात पावसामुळे त्यातही खंड पडतो. म्हणून मी घरात सराव सुरू केला, आणि पहिल्या चार महिन्यांत एक ट्यूबलाइट, खालच्या मजल्यावरच्यांशी असलेले संबंध आणि उजवा कोपर अशा तीन गोष्टी बिघडवून घेतल्या.

त्या खटाटोपातून एक कसोटी मात्र हाती लागली. घरात चेंडू उडत जाताना दिसत नाही, त्यामुळे तो कुठे पडला असता याच्या कल्पना करण्यात अर्थ नसतो. ज्या गोष्टीचा निकाल त्याच क्षणी डोळ्यांना, कानांना किंवा फूटपट्टीला कळतो, तेवढ्याच गोष्टीचा सराव घरी करावा. पुढचे टप्पे या कसोटीला लावूनच निवडले आहेत. सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत; डावखुऱ्यांनी बाजू उलट करून घ्याव्यात.

लागणारे साहित्य आणि परवानग्या

- पटर (चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवण्याचा क्लब), एक वेज (जवळून चेंडू उंच उचलणारा क्लब) आणि सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराचा धातूच्या पात्याचा क्लब). नियमांनुसार पिशवीत १४ क्लब ठेवता येतात, पण घरी या तिघांपलीकडे काही लागत नाही.
- तीन-चार खरे चेंडू आणि डझनभर फोमचे किंवा भोके असलेले प्लॅस्टिकचे चेंडू.
- ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, मोजण्याची टेप, दोन नाणी, खडू.
- सतरंजी किंवा आखूड लवेचा गालिचा, काथ्याचे पायपुसणे, जुना टॉवेल, एक छत्री.
- बॅडमिंटनची जुनी रॅकेट आणि टाल्कम पावडर. यांचा उपयोग पुढे येईल.
- मोबाइल आणि तो उभा करण्यासाठी लहान स्टँड.
- गच्ची वापरायची असेल तर सोसायटीच्या सचिवांची लेखी परवानगी, आणि शाळेचे मैदान वापरायचे असेल तर मुख्याध्यापकांची. तोंडी परवानगी पहिल्या तक्रारीपर्यंतच टिकते.

१. क्लबच्या आधी टेप हातात घ्या

आपल्याकडच्या फ्लॅटचे छत साधारण साडेनऊ ते दहा फुटांवर असते आणि पंख्याची पाती त्याहून फूट-दीड फूट खाली फिरतात. सात नंबरचे आयर्न सुमारे ३७ इंच लांब असते आणि ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारण्याचा क्लब, सुमारे ४५ इंच. हात डोक्यावर गेल्यावर क्लबचे टोक कुठवर पोहोचते, हे मनाशी अंदाज करून कळत नाही; माझी ट्यूबलाइट याच अंदाजाने फुटली. पंखा बंद करून, अगदी संथ गतीने, क्लब मागे-पुढे नेऊन पाहावा आणि छत, भिंत, कपाट, दिवा या प्रत्येकापासून किमान फूटभर अंतर राहते का ते तपासावे. राहत नसेल तर त्या खोलीत पूर्ण स्विंग, म्हणजे क्लब खांद्यामागे नेऊन घेतलेला पूर्ण फेरा, करायचाच नाही.

अशा घरासाठी बॅडमिंटनची रॅकेट फार उपयोगी पडते. ती गोल्फ क्लबपेक्षा बरीच आखूड असते, आणि तिचे तोंड मोठे व सपाट असल्यामुळे ते कुठे वळले आहे हे क्लबच्या लहानशा तोंडापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. गोल्फच्या पवित्र्यात उभे राहून रॅकेट संथपणे फिरवा आणि चेंडू जिथे असता तिथे थांबवा. जाळीची बाजू लक्ष्याच्या दिशेच्या, म्हणजे तुमच्या डावीकडच्या, भिंतीकडे सरळ असली पाहिजे. ती छताकडे पाहत असेल तर क्लबचे तोंड उघडे राहते आहे, आणि उजव्या हाताच्या नवशिक्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो त्याचे, म्हणजे स्लाइसचे, मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

दुसरा प्रयोग कानांचा आहे. गच्चीवर किंवा अंगणात सात नंबरचे आयर्न उलटे धरा, म्हणजे डोक्याकडची बाजू हातात आणि मूठ खाली, आणि पूर्ण स्विंग करा. हवा कापल्याचा आवाज चेंडूच्या जागी किंवा तिच्या जरा पुढे यायला हवा. तो उजव्या खांद्यापाशीच येत असेल तर सगळा जोर चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच संपतो आहे.

२. ग्रिप, म्हणजे पकड : दूरदर्शनसमोरची पाच मिनिटे

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच घरी करण्याजोगा आहे. डाव्या हातात क्लब तळव्यातून नव्हे तर बोटांतून जावा, खाली पाहिल्यावर डाव्या मुठीची दोन किंवा अडीच हाडे दिसावीत, आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर यावी. जुन्या काळचा गोल्फपटू हॅरी व्हार्डन याच्या नावाने ओळखली जाणारी पकड ती हीच. हात लहान असतील तर करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवलेली पकडही चालते. बातम्या चालू असताना क्लब सोडायचा, पुन्हा न पाहता पकडायचा, मग पाहून तपासायचे, असे रोज पन्नास वेळा करावे. महिन्याभरात हात आपोआप जागेवर जाऊ लागतात. चुकीची पकड घेऊन पन्नास वेळा केले तर चूकही तितकीच पक्की होते, म्हणून पहिल्या दिवशी कोणा जाणकाराकडून किंवा प्रशिक्षकाकडून ती एकदा तपासून घ्यावी.

३. पटिंग : घराचा खरा उपयोग

पार, म्हणजे एका होलसाठी ठरवलेली फटक्यांची संख्या, काढताना प्रत्येक होलसाठी पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे अठरा होलच्या, पार ७२ च्या कोर्सवर ३६ फटके पटरचे होतात. तरीही रेंजवर आलेला नवशिका पटर पिशवीतून बाहेरही काढत नाही. घरात याच्या उलट करता येते, कारण पटिंगचा निकाल जमिनीवर स्वच्छ दिसतो.

होलचा व्यास १०.८ सेंटीमीटर असतो. पटरचे तोंड फक्त एका अंशाने चुकून चेंडू तेवढाच तिरका निघाला, तर तीन मीटरवर तो सुमारे ५.२ सेंटीमीटर बाजूला जातो, म्हणजे होलच्या काठावर. दोन अंश चुकला तर होल हुकलेच. त्यामुळे नवशिक्याने आधी लावायची गोष्ट म्हणजे चेंडू ठरलेल्या रेषेवर निघणे, आणि तिच्यासाठी स्टीलची पट्टी पुरते. पट्टी सतरंजीवर सपाट ठेवा. तिच्या एका टोकाला खिळ्यावर अडकवण्यासाठी भोक असते, त्यात चेंडू नीट बसतो. तिथून पटरने मारा. चेंडू पट्टीवरून न घसरता दुसऱ्या टोकाने बाहेर पडला तर रेषा बरोबर. मला पहिल्या संध्याकाळी वीसपैकी सात जमले होते. आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण आठवड्याने आपल्याला वाटते तेवढी प्रगती झालेली नसते आणि महिन्याने वाटते त्यापेक्षा जास्त झालेली असते.

पट्टी जमू लागली की चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर दोन नाणी ठेवून त्यांची वेस करावी. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर असतो. वेस सुरुवातीला ८ सेंटीमीटर आणि पुढे ६ सेंटीमीटरची ठेवावी. लक्ष्य म्हणून फुलपात्र आडवे ठेवले तर त्याचे तोंड खऱ्या होलपेक्षा अरुंद असते, आणि त्यात चेंडू घालायची सवय झाली की कोर्सवरचे होल मोठे वाटू लागते. फरशीचे सांधे ही तर फुकट मिळालेली रेषा आहे. चेंडू फरशीच्या मध्यावर ठेवून पटर बाजूच्या सांध्याला समांतर जातो का ते पाहावे. चेंडू मात्र सांध्यावरून घरंगळवू नये, कारण तो तिथे उडी घेतो आणि दोष आपल्यावर येतो.

आता वेगाचा प्रश्न. गुळगुळीत फरशीवर चेंडू इतका धावतो की, तिथे सराव करणारा माणूस नकळत फटका आखूड आणि भित्रा करून घेतो आणि खऱ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर, त्याचा प्रत्येक चेंडू होलच्या अलीकडे थांबतो. म्हणून सतरंजी किंवा गालिचा हवाच. ग्रीनचा वेग मोजण्यासाठी स्टिम्पमीटर नावाची ३६ इंच लांबीची एक धातूची पन्हळ वापरतात; तिच्यातल्या खाचेत चेंडू ठेवून पन्हळ हळूहळू उचलली की साधारण वीस अंशांवर चेंडू सुटतो आणि तो जितके फूट धावेल तो त्या ग्रीनचा वेग. घरी इतके काटेकोर उपकरण लागत नाही. ॲल्युमिनियमच्या चॅनेलचा दोन फुटी तुकडा एका ठरलेल्या पुस्तकावर टेकवून त्यावरून चेंडू सोडा आणि गालिच्यावर तो किती धावतो ते मोजा. दुसऱ्या बाजूनेही सोडून दोन्हींची सरासरी काढा, कारण फ्लॅटची जमीन आपण समजतो तितकी सपाट नसते. माझ्या दिवाणखान्यात बाल्कनीच्या बाजूचे अंतर उलट बाजूपेक्षा जवळजवळ दोन फुटांनी जास्त भरले. पुढच्या खेपेला तोच तुकडा आणि तेच पुस्तक घेऊन कोर्सच्या सरावाच्या ग्रीनवर मोजा. घरात दहा फूट आणि तिथे आठ फूट आले तर दोन्हींतला फरक तुम्हांला आकड्यात कळला. पुस्तक घेऊन ग्रीनवर वाकलेल्या माणसाकडे लोक थोडे विचित्र नजरेने पाहतात, तेवढे सहन करावे.

रात्री दहानंतर फरशीवर चेंडू पडू देऊ नये. ४५ ग्रॅमचा चेंडू खालच्या घरात हातोड्यासारखा ऐकू जातो.

४. चिपिंग, म्हणजे जवळून मारलेला छोटा उडता फटका : पायपुसणे, टॉवेल आणि छत्री

काथ्याच्या जाड पायपुसण्याचे दाट केस आखूड कापलेल्या गवताला बऱ्यापैकी जवळ असतात. त्यावर फोमचा चेंडू ठेवून वेजने तो तीन-चार मीटरवर उलट्या उघड्या ठेवलेल्या छत्रीत टाकायचा. पाय जवळ, वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे. चेंडूच्या मागे १० सेंटीमीटरवर घडी केलेला टॉवेल ठेवला की क्लब आधी जमिनीला लागतो आहे की चेंडूला, याचा निकाल लगेच मिळतो. टॉवेल हलला तर कोर्सवर हा फटका मातीत गेला असता.

इथला सापळा असा की, छत्रीत चेंडू पडू लागले की आपल्याला अंतराचा अंदाज आला असे वाटते. फोमचा चेंडू अंतराविषयी काहीही सांगत नाही. तो फक्त चेंडूला क्लब कसा लागला एवढेच सांगतो. छत्री ही दिशा दाखवायला आहे, अंतर शिकवायला नाही. खरा चेंडू मात्र घरात वेजने मारू नका, अगदी हळू मारतो म्हणूनही नाही.

अपुऱ्या जागेची सबब सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चेंबूरच्या गोल्फ क्लबाशेजारच्या वस्तीतल्या, खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी मुलांनी वाकवलेल्या लोखंडी सळ्यांचे क्लब करून आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन आपल्या गल्लीबोळांतच हा खेळ मांडला. दोन्ही बाजूंना घरे आणि मध्ये चार हात वाट, अशा जागी चेंडू सरळच मारावा लागतो.

५. जाळी : घ्यायची असेल तर नीट घ्या

गच्चीवर किंवा स्वतःच्या अंगणात जाळी लावून पूर्ण स्विंग करता येतो, पण या टप्प्यात धोके सर्वांत जास्त आहेत. पहिला म्हणजे क्रिकेटची जाळी. ती सहज आणि स्वस्त मिळते, पण तिची घरे सात सेंटीमीटरच्या क्रिकेटच्या चेंडूसाठी असतात आणि गोल्फचा चेंडू त्यातून अनेकदा आरपार जातो. जाळी गोल्फसाठीच विणलेली, एक इंचापेक्षा लहान घरांची असावी. ती ताणून बांधू नये. ताणलेली जाळी चेंडू सरळ तुमच्या नडगीवर परत पाठवते. सैल सोडावी, आणि तिच्या मागे हातभर अंतरावर एक जुनी गोधडी टांगावी. चेंडू जाळीपासून अडीच-तीन मीटरवर ठेवावा आणि दोन्ही बाजू व वरचा भागही जाळीनेच झाकावा, कारण क्लबच्या टाचेवर, म्हणजे दांड्याजवळच्या भागावर, लागलेला चेंडू जवळजवळ काटकोनात उजवीकडे सुटतो. ड्रायव्हरवरून निघालेल्या चेंडूचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असू शकतो. तीन बाजूंनी बंदिस्त नसलेल्या गच्चीवरून खरा चेंडू मारणे हा सराव नव्हे, गुन्हा आहे. तिथे फोमचाच चेंडू वापरावा.

दुसरा धोका दिसत नाही. जाळीत गेलेला प्रत्येक चेंडू चांगलाच वाटतो. मी तीन महिने जाळीत मन लावून मारले आणि रेंजवर गेलो तेव्हा प्रत्येक चेंडू केळीसारखा उजवीकडे वळू लागला. जाळीने मला ते सांगितलेच नव्हते. चेंडू ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे होते यावर ठरते, आणि पुढे तो किती वळेल हे तोंडाची दिशा व क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरते. यातले पहिले जाळीत मोजता येते. जाळीवर सरळ समोर एक फडके बांधा. अडीच मीटरवर चेंडू फडक्यापासून २२ सेंटीमीटर बाजूला लागला तर तो पाच अंशांनी तिरका निघाला, आणि १५० मीटरवर तेच अंतर १३ मीटर होते. दुसरे, म्हणजे वळणे, जाळीत कळत नाही, म्हणून त्याची दुरुस्ती घरी करायला जाऊ नये.

क्लबच्या तोंडावर चेंडू कुठे लागला हे मात्र इथे उत्तम कळते. तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. प्रत्येक फटक्यानंतर त्यावर गोल ठसा उमटतो. ठसे टाचेकडे जमत असतील तर अर्धा इंच मागे उभे राहून पाहा. दहा चेंडूंनंतर पुसून पुन्हा लावायची. इतक्या साध्या गोष्टीने मला जेवढे शिकवले तेवढे महागड्या उपकरणांनी शिकवले नाही.

६. मॅट आणि कोपर

फरशीवर पातळ मॅट टाकून आयर्नचे पूर्ण फटके मारू नका. गवतावर क्लब मातीत शिरतो आणि धक्का तिथे जिरतो. फरशीवरच्या मॅटवर तो धक्का मनगटातून कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूचे हे दुखणे गोल्फर्स एल्बो या नावानेच ओळखले जाते, आणि माझे ते बरे व्हायला पाच महिने लागले. मॅट किमान एक-दीड इंच जाड असावी आणि तिच्याखाली रबराचा थर असावा. शिवाय मॅट खोटे बोलते : क्लब चेंडूच्या मागे आदळला तरी तो मॅटवरून घसरत जाऊन चेंडूला लागतो आणि फटका चांगला वाटतो. टॉवेलचा प्रयोग इथेही करावा. दिवसाला तीस-चाळीस फटके पुरेत.

७. मोबाइलचा कॅमेरा

कॅमेरा दोनच जागी ठेवावा. एकदा लक्ष्यरेषेच्या मागे, हातांच्या उंचीवर, चेंडू आणि लक्ष्य यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर. आणि एकदा समोरून, छातीच्या उंचीवर. कॅमेरा फूटभर जरी बाजूला सरकला तरी क्लबचा मार्ग वेगळा दिसतो आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो, म्हणून स्टँडची जागा जमिनीवर खडूने खुणावून ठेवावी. स्लो मोशनमध्ये, जमल्यास सेकंदाला २४० चौकटींनी (फ्रेम्सनी), चित्रण करावे. एका दिवशी एकच गोष्ट पाहावी.

याच चित्रणातून लयही मोजता येते. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब मागे नेण्याला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो चेंडूपर्यंत येतो. मागे जाताना १८० चौकटी लागल्या तर खाली येताना ६० च्या आसपास लागाव्यात. नवशिक्याचा क्लब मागेच झटक्याने जातो. घरात कोणी गायनाचा रियाज करत असेल तर त्यांच्या मोबाइलमधला तबला संथ लयीत लावून त्या ठेक्यावर, तीन मात्रा मागे आणि चौथीला चेंडू, असे करून पाहावे.

८. मैदान आणि वाळूचा खड्डा

सार्वजनिक मैदानावर खरा चेंडू मारायचा नाही आणि गवत खणायचे नाही. पण मैदानाच्या धुळीच्या कडेला क्रिकेटवाल्यांच्या फक्कीने एक रेघ ओढून, दोन पाय तिच्या दोन बाजूंना ठेवून, बिनचेंडूचे अर्धे स्विंग केले तर क्लब रेघेच्या मागे घासतो की पुढे, हे धुळीवर उमटते. आयर्नसाठी खूण रेघेवर सुरू होऊन पुढे जायला हवी.

बंकरच्या, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याच्या, सरावासाठी शाळेच्या मैदानावरचा लांब उडीचा खड्डा ही मला सापडलेली सर्वांत चांगली जागा. परवानगी घेऊन, मुले नसतील अशा वेळी जावे, वाळूत एक रेघ ओढावी आणि चेंडू न ठेवता वेजचे तोंड उघडून रेघेवरची वाळू खड्ड्याबाहेर न उडवता पुढे फेकावी. बंकरमध्ये क्लब चेंडूला लागतच नाही, चेंडूखालची वाळू त्याला उचलते. म्हणून इथे चेंडू नसला तरी निकाल पूर्ण मिळतो. जाताना दाताळ्याने खड्डा सारखा करून जावे. स्पेनचा गोल्फपटू सेव्ह बाल्येस्तेरोस याने लहानपणी तीन नंबरच्या एकाच आयर्नने आपल्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर हा खेळ आत्मसात केला होता. आपल्याकडच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर मात्र हा प्रयोग करू नये.

९. रेंजवर परतल्यावर

घरी रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात : दहा मिनिटे पटर, पाच मिनिटे ग्रिप, उरलेला वेळ चिपिंग किंवा रॅकेट. जाळी आठवड्यातून दोनदाच. रेंजवर गेल्यावर शंभर चेंडूंची गरज नाही, पन्नास पुरेत. पहिले दहा वेजने अर्ध्या स्विंगचे. पुढचे वीस सात नंबरच्या आयर्नने, आणि या वीसांत चेंडू हवेत कुठे वळतो याकडेच लक्ष द्यावे, कारण घराला न सांगता येणारी गोष्ट नेमकी ती आहे. उरलेले वीस प्रत्येक वेळी क्लब बदलून, प्रत्येक चेंडूला वेगळे लक्ष्य ठरवून मारावेत. गाडीत बसण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहाव्यात : सात नंबरच्या वीस चेंडूंपैकी किती उजवीकडे वळले, किती डावीकडे, आणि ग्रीनवर पन्हळीवरून सोडलेला चेंडू त्या दिवशी किती फूट धावला. पावसानंतर हा आकडा दीड-दोन फुटांनी कमी आलेला मी पाहिला आहे, तेव्हा तारखेबरोबर हवामानही लिहावे.